एकाच ईश्वराची उपासना? : व्हीटन प्रकरण आणि एक जुना वाद

डिसेंबर २०१५ मध्ये शिकागोच्या पश्चिमेस असलेल्या व्हीटन महाविद्यालयातील राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका लॅरिशिया हॉकिन्स यांनी नाताळपूर्व आगमनकाळात हिजाब परिधान करण्याचा संकल्प फेसबुकवर जाहीर केला. सॅन बर्नार्डिनो येथील गोळीबारानंतर अमेरिकेतील मुस्लिमांकडे संशयाने पाहिले जात होते. त्यांच्याविषयी बंधुभाव व्यक्त करताना, ख्रिस्ती व मुस्लिम एकाच ईश्वराची उपासना करतात, असे त्यांनी पोप फ्रान्सिस यांचा दाखला देऊन लिहिले. व्हीटन ही इव्हँजेलिकल पंथाची संस्था असून तेथील अध्यापकांना श्रद्धाविषयक निवेदनाशी बांधील राहावे लागते. काही दिवसांतच हॉकिन्स यांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले. जानेवारीत बडतर्फीची कारवाई सुरू झाली. पुढे ती मागे घेतली गेली, तरी फेब्रुवारी २०१६ मध्ये परस्परसंमतीने त्या संस्थेतून बाहेर पडल्या. आक्षेप हिजाबास नसून धर्मतत्त्वाविषयीच्या विधानास आहे, असे महाविद्यालयाचे म्हणणे होते.

त्या विधानात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. उपासना पोहोचते कोणाला, हा एक. आणि ज्याला पोहोचते त्याच्याविषयी उपासक काय मानतात, हा दुसरा. जर्मन तत्त्वज्ञ गोटलोब फ्रेगे याने १८९२ च्या निबंधात दिलेले उदाहरण येथे वारंवार उद्धृत होते. पहाटतारा आणि सायंतारा ही नावे निराळी, त्यांमागील कल्पनाही निराळ्या. तारा मात्र एकच, शुक्र. त्याच न्यायाने मुस्लिमांचा अल्लाह आणि ख्रिस्त्यांचा त्रैक्यरूप ईश्वर एकच असू शकतो, असे एक पक्ष म्हणतो. ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ मिरोस्लाव्ह वोल्फ यांनी २०११ च्या ग्रंथात अशाच एकत्वाचे समर्थन केले आहे. विरोधकांचे उत्तर असे की, त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व या गोष्टी वर्णनातील किरकोळ फरक नव्हेत. त्या वगळल्यास उरतो तो ईश्वरच वेगळा. शिवाय शुक्राची ओळख आकाशनिरीक्षणाने पटवता येते. ईश्वराबाबत तशी दुर्बीण कोणापाशी नाही, ही या दृष्टांताची खरी मर्यादा.

धर्मपरंपरांची उत्तरेही सरळ नाहीत. कुराण ग्रंथधारकांना आपला व तुमचा ईश्वर एकच असे सांगते आणि त्रैक्य नाकारते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये मुस्लिम आपल्यासमवेत एकाच दयाळू ईश्वराची आराधना करतात असे मान्य केले, पण ख्रिस्तविषयक सिद्धान्तास मुरड घातली नाही. बाराव्या शतकातील ज्यू तत्त्ववेत्ता मैमोनिदीस याचा निवाडा तर अनपेक्षित वाटेल: ज्यू धर्मग्रंथ स्वीकारणाऱ्या ख्रिस्ती धर्मास त्याने मूर्तिपूजेत गणले आणि इस्लामला त्यातून वगळले. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात अन्य देवतांचे श्रद्धावान भक्तही श्रीकृष्णालाच भजतात असे म्हटले आहे. मात्र ते विधीस सोडून, अशी पुस्तीही तेथेच आहे. म्हणजे ‘सर्वांचा देव एक’ हे वाक्य तटस्थ पंचाचे नसते. ते उच्चारणारा बहुधा आपल्याच अंगणात उभा राहून इतरांना आत बोलावत असतो. जैन व बौद्ध दर्शनांत तर जगत्कर्ता ईश्वरच मानलेला नाही. त्यांना हा प्रश्न लागूच होत नाही, ही बाब सर्वधर्मसमभावाच्या भाषणांत सहसा राहून जाते.

नावे समान असल्याने देव एक ठरत नाही, आणि भिन्न असल्याने दोनही ठरत नाहीत. अरबी भाषक ख्रिस्ती प्रार्थनेत अल्लाह हाच शब्द योजतात. मराठीतही याचे ठळक उदाहरण आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. ओवीछंदातील या ग्रंथात ख्रिस्ती ईश्वरासाठी ‘परमेश्वर’ आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हे शब्द आहेत. श्रोत्यांना परिचित असलेली भाषा स्टीफन्सने मुक्तपणे स्वीकारली. त्यांनी सोडलेल्या देवतांच्या पूजेचा मात्र त्याच ग्रंथात निषेध केला.