रांगेतला ऊस आणि बर्लिनमधली साखर

शाळेत असताना एकदा आबांबरोबर उसाच्या ट्रॅक्टरवर बसून कारखान्याला गेलो होतो. सोलापूर जिल्ह्यात वाढलेल्यांना यात नवीन काही नाही. एक दुपार गेली, रात्र गेली, दुसरी दुपार झाली तरी आमचा नंबर येईना. पुढे ट्रॅक्टर, मागे बैलगाड्या, आणि ऊस आपला उन्हात वाळतोय. मी वैतागून म्हणालो, "एवढ्या गाड्या बघून तरी जरा जोरात चालवायचा ना कारखाना!"

आबा हसले. "गव्हाणीला गाड्या दिसतात व्हय? रांगेत शंभर असू देत न्हाईतर हजार, ती तासाला गिळते तेवढाच ऊस गिळणार."

पुढे कॉलेजात बायोकेमिस्ट्रीच्या तासाला सरांनी फळ्यावर एक वक्र काढला. सुरुवातीला सरळ चढणारा आणि मग हळूहळू आडवा होत जाणारा. मला एकदम ती गव्हाण आठवली. त्या वक्राचा इतिहास नंतर वाचला, तर तोही साखरेचाच निघाला!

तर मंडळी, एन्झाइम म्हणजे पेशीतला कामगार. तो ज्या कच्च्या मालावर काम करतो त्याला म्हणतात सबस्ट्रेट. इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम साखर फोडून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. साखरेचं द्रावण ध्रुवीकृत प्रकाश उजवीकडे वळवतं, फोडल्यावर झालेलं मिश्रण डावीकडे. म्हणून नाव 'इन्व्हर्टेज', म्हणजे उलटं करणारं. हे वळणं मोजायचं यंत्र म्हणजे पोलरीमीटर. कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा 'पोल' काढतात तो यावरच.

1902 मध्ये इंग्लंडमध्ये एड्रियन ब्राऊन यांच्या लक्षात आलं की एन्झाइम तेवढंच ठेवून साखर वाढवत नेली, तर एका मर्यादेनंतर वेग वाढतच नाही. त्यांचा तर्क असा की एन्झाइम आधी साखरेला धरून ठेवतं, मग फोडतं, आणि धरून ठेवण्यात वेळ जातो. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये व्हिक्टर आन्री यांनी त्याचं समीकरणही मांडलं. पण त्यांच्या प्रयोगांत द्रावणाच्या आम्लतेवर ताबा नव्हता, त्यामुळे आकडे भरवशाचे नव्हते.

तो ताबा आणला बर्लिनमध्ये लिओनोर मिकेलिस यांनी. आम उर्बान रुग्णालयात त्यांची छोटीशी प्रयोगशाळा होती. 1912 मध्ये कॅनडाहून मॉड मेंटेन नावाच्या डॉक्टरीणबाई तिथे आल्या. दोघांनी आम्लता स्थिर राहील अशी द्रावणं वापरली, ठरावीक वेळी अल्कली घालून क्रिया थांबवली आणि फक्त सुरुवातीचा वेग मोजला. 1913 मध्ये निबंध छापून आला. मेंटेनबाईंना पूर्ण प्राध्यापकपद मिळालं ते पिट्सबर्गला, 1948 मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर. असो.

त्यांचा हिशेब गाड्यांच्या भाषेत सांगतो. यार्डात गाड्या मोजक्याच असतील तर गव्हाण मध्येमध्ये रिकामी राहते. गाड्या दुप्पट आल्या की गाळपही जवळजवळ दुप्पट होतं. पण गव्हाण सतत भरलेली असेल, तर आणखी गाड्यांनी फक्त रांग वाढते. कमाल वेगाच्या निम्मा वेग ज्या साखरेला मिळतो, तो आकडा म्हणजे मिकेलिस स्थिरांक. त्यांच्या यीस्टमधल्या इन्व्हर्टेजसाठी तो लिटरला सुमारे पावणेसहा ग्रॅम आला. म्हणजे तांब्याभर पाण्यात चमचा-सव्वा चमचा साखर!

आता आपला ऊस घ्या. रसात साखर 15 टक्के धरली तरी लिटरला 150 ग्रॅम झाली, त्या आकड्याच्या 26 पट. यीस्टच्या एन्झाइमला एवढी साखर दिली, तर ते कमाल वेगाच्या 96 टक्क्यांवर पळेल. उसातलं इन्व्हर्टेज वेगळं, त्याचा स्थिरांक वेगळा, पण हिशेब त्याच जातीचा. उभ्या पिकात हे एन्झाइम बरंचसं आवरलेलं असतं. ऊस तुटला की त्याचा जोर वाढतो, ऊन आणखी भर घालतं, कापल्या टोकांतून जिवाणू शिरतात ते वेगळेच. कच्च्या मालाची टंचाई तर कधीच नसते. साखर थोडी कमी झाल्याने वेग मंदावेल, अशी आशा नको. आपल्या हातात उरतो तो फक्त वेळ.

माळीनगरला 1930च्या दशकात शेतकऱ्यांनी साखर कारखाना उभा केला, 1980 मध्ये उजनी धरण झालं आणि आपल्याकडे ऊस पसरतच गेला. तेव्हापासून रांगाही आल्या. वाळलेल्या उसाचं वजन काट्यावर कमी भरतं, तो तोटा सरळ शेतकऱ्याचा. फुटलेली साखर उताऱ्यातून जाते, आणि दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्याला बांधलेला, म्हणजे तो तोटा सगळ्यांचा.

आबांना मिकेलिस माहीत नव्हते. पण ऊस तोडायच्या आदल्या रात्री गाडी नक्की येणार का, हे विचारायला ते सायकलवर दोन-दोन चकरा मारायचे. आई चिडायची. तेव्हा ते म्हणायचे, "अगं, तोडलेल्या उसाला मुक्काम घडवू नये."

त्या चकरांचा अर्थ मला फळ्यावरचा वक्र बघितल्यावर कळला.