सवालीरामाची शाळा

शाळा सुधारायची म्हटले की आपण पुस्तके बदलतो, फार तर भिंती रंगवतो. पण मुलाने समोरची अडचण स्वतःच्या डोक्याने सोडवावी असे वाटत असेल, तर काय बदलावे लागते? मध्य प्रदेशातील होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यात हे करून पाहिले गेले.

१९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सरकारच्या परवानगीने तेथील १६ ग्रामीण शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान नव्या रीतीने शिकवायला घेतले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ मदतीला आले. मुले गटागटाने प्रयोग करत, नोंदी ठेवत, निष्कर्ष आपल्या शब्दांत लिहीत. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात प्रश्न होते, तयार उत्तरे नव्हती.

शिक्षकांनाही आधी विद्यार्थी व्हावे लागले. प्रशिक्षण शिबिरांत ते तेच प्रयोग स्वतः करत. मासिक बैठकींत वर्गातल्या अडचणी मांडत. परीक्षाही बदलली. पुस्तक-वही उघडी ठेवून पेपर आणि जोडीला प्रयोगाची परीक्षा! मग पाठांतराला भाव कुठला उरणार?

मुले आपल्या शंका ‘सवालीराम’ नावाच्या काल्पनिक मित्राला पत्राने कळवत. सवाल हा शब्द अरबीतून आलेला, राम इथला. लोकांच्या बोलीत दोघे सहज एक झाले. मला हे नाव फार आवडते.

१९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला. त्याच साली पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन अरविंद गुप्ता तिथे गेले आणि काड्यापेटीतल्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमितीचे आकार करू लागले. पुढे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी हेच काम वाढवले. १९८२ मध्ये ‘एकलव्य’ संस्था स्थापन झाली आणि होशंगाबादची जबाबदारी तिने उचलली.

मात्र २००२ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांची घडी एका आदेशाने मोडली. शाळांतले बदल असेच नाजूक असतात. ते रुजायला पिढी लागते, उपटायला एक कागद पुरतो.

तरीही एक गोष्ट कोणत्याही मुख्याध्यापकाच्या हाती आहे. पुढच्या चाचणीत पुस्तक उघडे ठेवू द्यावे, आणि पुस्तकात ज्याचे उत्तर नाही असा एक तरी प्रश्न विचारावा.