घराण्याचा रोग आणि घराण्याची वही

श्रोतेहो, कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला अजूनही काही गावांत हेळवी येतो. बरोबर बैल आणि वह्यांचं गाठोडं. ओसरीवर बसून तो घराण्याची वंशावळ वाचून दाखवतो : मूळ पुरुष कुठून आला, त्याला मुलगे किती, कोणाची शाखा कोणत्या गावी गेली. आम्ही इतिहासाचे अध्यापक अशा वह्यांना फार मान देतो. पण एक गोष्ट त्यांत सहसा सापडत नाही. कोण कोणत्या आजाराने गेला आणि कितव्या वर्षी गेला, ही माहिती घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच राहते आणि त्यांच्याबरोबर जाते.

अशाच एका तोंडी माहितीची नोंद कशी झाली, तिला मान्यता मिळायला किती काळ लागला, आणि त्या नोंदीने पुढे माणसं कशी वाचली, हे मला आज सांगायचं आहे. हकीकत अमेरिकेतली आहे.

साल १८९५. मिशिगन राज्यात आन आर्बर नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तेथे ऑल्ड्रेड वॉर्थिन हे रोगनिदानशास्त्राचे अध्यापक होते. त्यांच्या ओळखीत शिवणकाम करणारी एक तरुण बाई होती. एके दिवशी ती फार खिन्न दिसली. डॉक्टरांनी कारण विचारलं, तेव्हा तिने सांगितलं की आपण लवकरच कर्करोगाने मरणार. कारण आमच्या घराण्यात सगळे त्यानेच जातात. कोणाला गर्भाशयाचा होतो, कोणाला पोटाचा, कोणाला आतड्याचा.

आता विचार करा, त्या वेळी ती धडधाकट होती. दुसरा एखादा डॉक्टर तिला मनाची समजूत घालून वाटेला लावता. वॉर्थिन यांनी तसं केलं नाही. ते तिच्या घराण्याची माहिती जमवू लागले. हे घराणं मूळचं जर्मन. त्यांचा मूळ पुरुष १८३१ साली स्टुटगार्ट शहराजवळच्या खेड्यातून मिशिगनमध्ये येऊन स्थायिक झाला होता. वॉर्थिन यांनी त्याच्या वंशजांची नोंद केली आणि १९१३ साली ती प्रसिद्ध केली. त्या मूळ पुरुषाच्या ४८ वंशजांपैकी १७ जण कर्करोगाने दगावले होते किंवा त्यासाठी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. शास्त्राच्या ग्रंथांत या घराण्याला 'जी-कुटुंब' असं नाव पडलं. आणि ती शिवणकाम करणारी बाई? तिचं भाकीत खरं ठरलं. ती ऐन वयात गर्भाशयाच्या कर्करोगाने वारली. तिचं म्हणणं डॉक्टरांनी लिहून ठेवलं, एवढंच त्या काळाच्या हातात होतं. इलाज कोणाजवळ नव्हता.

पुढची पन्नास वर्षं या नोंदीकडे वैद्यकाच्या जगाने फारसं लक्ष दिलं नाही. कर्करोग वंशपरंपरेने येतो ही कल्पनाच बहुतेकांना पटत नव्हती. एका घरातली माणसं एकच अन्न खातात, एकाच हवेत राहतात, म्हणून एकाच रोगाने आजारी पडत असतील, असं म्हणून विषय मिटवला जाई.

मग १९६२ साल उजाडलं. नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरी हेन्री लिंच नावाचे तरुण डॉक्टर उमेदवारी करीत होते. वैद्यकाच्या आधी त्यांनी अनुवंशशास्त्राचा अभ्यास केला होता. त्यांना एका रोग्याला पाहायला सांगण्यात आलं. तो दारूच्या आहारी गेला होता. इतकी का पितोस, असं विचारल्यावर तो म्हणाला की मी कर्करोगाने मरणार हे ठरलेलंच आहे, आमच्या घरात सगळे आतड्याच्या कर्करोगाने मरतात.

श्रोतेहो, मधे ६७ वर्षं गेली होती. बोलणारं माणूस निराळं, राज्य निराळं, पण शब्द जवळजवळ तेच. आणि याही वेळी ऐकणाऱ्याने ते उडवून लावले नाहीत. लिंच आणि त्यांच्या सहकारी ॲन क्रश नातेवाइकांना भेटले, दवाखान्यांची जुनी दप्तरं त्यांनी तपासली. मिशिगनमधल्या एका विदुषीला असंच दुसरं घराणं ठाऊक होतं. १९६६ साली या दोन घराण्यांची हकीकत प्रसिद्ध झाली. ती वाचून आन आर्बरच्या विद्यापीठाने वॉर्थिन यांची जुनी कागदपत्रं लिंच यांच्या हवाली केली. १९७१ साली लिंच आणि क्रश यांनी जी-कुटुंबाचा अभ्यास पुन्हा छापला, तेव्हा त्या वंशावळीत साडेसहाशेहून अधिक रक्ताचे नातेवाईक आले होते.

तरीही संशोधनासाठी सरकारी पैसा मागितला की नकार येई. लिंच यांनी चिकाटी सोडली नाही. अखेर १९९३ आणि १९९४ साली पुरावा मिळाला. एमएसएच-२ आणि एमएलएच-१ या नावांची जनुके सापडली, आणि त्यांतला दोष या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला आहे हे सिद्ध झालं. या विकाराला आज 'लिंच सिंड्रोम' म्हणतात. लिंच २०१९ साली वारले. त्या वेळेपर्यंत त्यांचं म्हणणं जगभर मान्य झालं होतं.

हा दोष आहे तरी काय? छापखान्यात मुद्रितशोधक असतो ना, तसं समजा. आपल्या शरीरात पेशी सतत नव्याने तयार होतात, आणि प्रत्येक वेळी आतल्या मजकुराची नक्कल होते. नकलेत चुका व्हायच्याच. त्या शोधून दुरुस्त करणं हे या जनुकांचं काम. मुद्रितशोधकच अधू असला की चुका साठत जातात आणि त्यांतून केव्हातरी कर्करोग उद्भवतो. मुख्यतः तो मोठ्या आतड्याला आणि स्त्रियांत गर्भाशयाला होतो, आणि एरवीपेक्षा लहान वयात.

आईबापांपैकी एकात हा दोष असला, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याचा संभव निम्मा. नाणं उडवावं तसं. पहिल्या मुलाला मिळाला म्हणून दुसरं सुटेल असा नियम नाही. ज्याला मिळाला नाही, त्याच्या मुलाबाळांना त्याच्याकडून तो मिळत नाही. ज्याला मिळाला, त्याला रोग होईलच असंही नाही. धोका मात्र बराच मोठा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शंभर रोग्यांत या कारणाचे सुमारे तीनच असतात. तेव्हा घरात एकाला रोग झाला म्हणून सगळ्यांनी धास्तावून जाऊ नये.

आता मुद्दा असा, की ठाऊक होऊन उपयोग काय? त्या बाईलाही ठाऊक होतंच. उपयोग असा की मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा एका लहानशा कोंबातून वाढतो. दुर्बिणीने आतडं आतून पाहिलं, म्हणजे कोलोनोस्कोपी केली, तर तो कोंब रोग होण्यापूर्वीच काढता येतो. फिनलंड देशात अशा २२ घराण्यांतल्या २५२ माणसांवर १५ वर्षं लक्ष ठेवण्यात आलं. १३३ जणांनी दर तीन वर्षांनी तपासणी करून घेतली, ११९ जणांनी ती नाकारली. तपासणी करणाऱ्यांत ८ जणांना रोग झाला, न करणाऱ्यांत १९ जणांना. तपासणी करणाऱ्यांपैकी या रोगाने एकही दगावला नाही. दुसऱ्या गटातले ९ दगावले. दोन्ही गट ज्याने त्याने आपल्या मर्जीने निवडले होते, म्हणून ही तुलना अगदी काटेकोर नव्हे. तरी आकडे बोलके आहेत. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. आज अशा माणसांना साधारण दर एक-दोन वर्षांनी तपासणी सांगतात. ती केव्हा सुरू करायची, हे जनुक कोणतं आणि घरात सर्वांत लहान वयात रोग कोणाला झाला, यावरून डॉक्टर ठरवतात.

असं जगणं सोपं आहे असं मी म्हणणार नाही. दर खेपेला आदल्या दिवशी जुलाबाचं औषध घ्यायचं, पोट रिकामं ठेवायचं, आणि निकाल येईपर्यंत जीव टांगणीला. मुलांना केव्हा सांगायचं हा प्रश्न वेगळाच. कित्येकांना आपली जनुकं तपासून घ्यायचीच नसतात; त्यांच्यावर जबरदस्ती करता येत नाही. पण त्या शिवणकाम करणाऱ्या बाईला जिथे फक्त वाट पाहायची होती, तिथे आज तिच्यासारखीला तारीख ठरवून दवाखान्यात जाता येतं, आणि घरी परतून आपल्या कामाला लागता येतं.

आपल्याकडे काय होतं? घरात एकामागून एक माणसं अशी गेली की कोणी शाप म्हणतो, कोणी पितरांचा कोप. मुलींची लग्नं अडतील म्हणून रोगाचं नाव कोणी घेत नाही, "पोटाचं दुखणं होतं" एवढ्यावर भागवतात. ही लपवाछपवी पुढच्या पिढीच्या जिवावर बेतते. आणि आपल्या वंशावळीत दुसरी एक उणीव आहे. मुलगी सासरी गेली की तिचा वेल बहुधा वहीतून सुटतो. हा दोष मात्र बापाकडून येतो तसाच आईकडूनही येतो. आत्या, मावशी, आजोळ यांच्यावाचून वंशावळ अर्धीच. जी-कुटुंबाचा इतिहास एका बाईच्या तोंडून सुरू झाला, हे विसरू नका.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. गावातलं एखादं कुटुंब विश्वासाने तुमच्याकडे आलं, तर त्यांना एक कागद आखून द्या. तीन पिढ्या, दोन्हीकडची माणसं, कोणाला कोणता रोग आणि कितव्या वर्षी. एकाच बाजूच्या दोघातिघांना आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला असेल, त्यातही कोणाला पन्नाशीच्या आत झाला असेल, तर तो कागद घेऊन त्यांना डॉक्टरांकडे पाठवा. मुंबईच्या टाटा मेमोरिअल केंद्रात अनुवंशिक कर्करोगासाठी स्वतंत्र विभाग आहे. तो कागद चारचौघांत मात्र दाखवू नका. ज्याचा त्याने जपावा.

हेळव्याच्या वहीने घराण्याला आपलं मूळ कळतं. या दुसऱ्या वहीने पुढची पिढी वाचू शकते. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर तिचं पहिलं पान लिहून घ्या.