लठ्ठ गुप्तहेरांची परंपरा

इंग्रजी रहस्यकथेत लठ्ठ माणूस पहिल्यांदा ठसठशीतपणे आला तो खलनायक म्हणून. विल्की कॉलिन्सची 'द वुमन इन व्हाइट' ही कादंबरी १८५९-६० मध्ये डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः छापली गेली. तिच्यातला काउंट फॉस्को देहाने अवाढव्य, पण चालताना पावलांचा आवाज न होऊ देणारा. पाळलेले पांढरे उंदीर अंगाखांद्यावर खेळवणारा. लठ्ठ माणूस निरुपद्रवी असतो, असा तेव्हाचा समज होता. खलनायकाचा ठरलेला साचा मोडण्यासाठीच त्याला लठ्ठ केले, असे कॉलिन्सने पुढे सांगितले.

१८९३ मध्ये कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सचा लठ्ठ थोरला भाऊ मायक्रॉफ्ट वाचकांपुढे आणला. निरीक्षणात तो शेरलॉकच्याही वरचढ. मात्र खुर्ची सोडून पुरावे गोळा करायला तो तयार नाही. डोके एकाचे आणि पाय दुसऱ्याचे, ही जोडी इथे प्रथम दिसली, पण डॉयलने ती फारशी वापरली नाही.

अमेरिकेत १९२३ पासून डॅशियल हॅमेटने लिहिलेला बिननावाचा गुप्तहेर बुटका आणि जाडा होता, तरी मारामारीत मागे हटत नसे. इंग्लंडच्या पार्श्वभूमीवर लिहिणाऱ्या जॉन डिक्सन कारने १९३३ मध्ये डॉ. गिडिअन फेल उभा केला. दोन काठ्यांच्या आधाराने चालणारा हा विद्वान जी. के. चेस्टरटनवरून बेतलेला होता, आणि बंद खोलीतल्या खुनांची कोडी सोडवण्यात त्याची बरोबरी करणारा कोणी झाला नाही.

या परंपरेचा कळस म्हणजे नीरो वुल्फ. रेक्स स्टाउटची 'फेर-द-लान्स' १९३४ मध्ये आली, तेव्हापासून १९७५ पर्यंत वुल्फ न्यूयॉर्कच्या पश्चिम ३५ व्या रस्त्यावरच्या घरात बसून होता. त्याचे वजन टनाचा सातवा भाग, म्हणजे सुमारे १३० किलो. गच्चीवर दहा हजार ऑर्किड. सकाळी ९ ते ११ आणि दुपारी ४ ते ६ ही वेळ त्यांची, त्यात कोणी व्यत्यय आणायचा नाही. बिअर किती झाली हे कळावे म्हणून तो बाटल्यांची बुचे टेबलाच्या खणात जपून ठेवी. विचारात गढला की डोळे मिटून ओठ पुढे-मागे करी, आणि तेवढ्यावरून त्याचा मदतनीस आर्ची गुडविन याला समजे की उत्तर जवळ आले आहे. कामासाठी घराबाहेर पडायचे नाही हा वुल्फचा नियम. म्हणून धावपळ आर्चीने करायची, आणि संशयितांनी वुल्फच्या कचेरीत येऊन बसायचे. उलगडाही बहुतेक वेळा तिथेच होई. वुल्फच्या देहाने कथेला अशी बैठक दिली. स्टाउटचे मोठेपण हे की त्याने त्या देहाची कीव केली नाही आणि तो सुधारायलाही काढला नाही.

बायकांना हे भाग्य उशिरा लाभले. अर्ल स्टॅन्ली गार्डनरने टोपणनावाने लिहिलेली बर्था कूल १९३९ मध्ये आली. ती स्वतःच्या गुप्तहेरसंस्थेची मालकीण, खमकी आणि पैशाला चिकट. परंतु काही पुस्तकांतच लेखकाने आजारपणाचे निमित्त करून तिचे वजन उतरवले.

ही उणीव अलेक्झांडर मॅकॉल स्मिथने १९९८ मध्ये भरून काढली. त्याची प्रेशस रामोत्स्वे बोट्स्वानाची. वडिलांनी खाणीत राबून जमवलेली गुरे विकून ती गॅबोरोनमध्ये गुप्तहेरसंस्था काढते. आपला बांधा ती 'पारंपरिक' म्हणवते, आणि या एका शब्दात लाज नाही, सबब नाही, उलट आपल्या माणसांचा अभिमान आहे. तिच्याकडे हरवलेले नवरे, तोतये, फसवणुकी अशी प्रकरणे येतात. लाल बुश चहाचा कप हातात घेऊन ती शांतपणे ऐकते, आणि माणसे तिला खरे सांगतात. २००६ च्या एका पुस्तकात ती खाणे कमी करून पाहते. तो बेत टिकत नाही. हाती घेतलेली प्रकरणे मात्र ती त्याही पुस्तकात सोडवते.