धुळीचे घराणे

कोणत्याही घराण्याचा इतिहास लिहिताना मूळ पुरुषापाशी येऊन लेखणी अडखळते. पृथ्वीच्या घराण्याचेही तसेच झाले. तिचा जन्म सृष्टीच्या नित्यक्रमाने झाला, की केवळ अपघाताने? मी शास्त्रज्ञ नव्हे, कादंबऱ्या लिहिणारा शाळामास्तर; पण या वादाइतके रंगतदार कथानक मला कधी सुचले नाही.

१७५५ साली कांट या तरुण जर्मन तत्त्वज्ञाने एक निनावी ग्रंथ छापला. सूर्य व ग्रह एकाच विखुरलेल्या द्रव्यातून घडले, असे त्याचे म्हणणे. प्रकाशकाचे दिवाळे निघाले आणि ग्रंथ वाचकांपर्यंत धड पोचलाच नाही! १७९६ मध्ये फ्रान्सच्या लाप्लासने तसाच विचार मांडला. फिरता वायुमेघ आकसला, मध्ये सूर्य झाला, भोवतीच्या कड्यांतून ग्रह.

पण यात एक गोम होती. गिरकी घेताना पसरलेले हात अंगाशी घेतले की गिरकी वाढते. घरातल्या मुलींना विचारा. आकसलेला सूर्यही तसाच गरगरायला हवा. प्रत्यक्षात हे महाशय स्वतःभोवती एक फेरी घ्यायला सुमारे २५ दिवस लावतात! तेव्हा १९१७ च्या सुमारास इंग्लंडच्या जीन्स यांनी निराळीच कथा रचली. दुसरा एक तारा सूर्याजवळून गेला, त्याच्या ओढीने सूर्यातून द्रव्य उपसले गेले, त्याचे ग्रह झाले. अशा भेटी अतिदुर्मिळ; म्हणजे पृथ्वीसारखी घरेही दुर्मिळ. एवढ्या विश्वात आपण जवळजवळ एकटे! १९३९ मध्ये अमेरिकेच्या स्पिट्झर यांनी दाखवले की, असा तप्त वायू गोठणार नाही, उधळून जाईल. सूर्याची गिरकी त्याच्याच चुंबकत्वाने आणि त्याच्यातून वाहणाऱ्या वाऱ्याने मंदावली, हे पुढे उमगले.

कांटचा मेघ परत आला. पण तो पाहिला कोणी? १९८३ मध्ये ‘आयरास’ हा उपग्रह आपली उपकरणे पारखण्यासाठी अभिजित ताऱ्याकडे वळवला होता. ताऱ्यापासून यावी त्याहून कितीतरी अधिक उष्णता आली. ती भोवतालच्या धुळीची होती! अभिजित सूर्याहून दुप्पट वजनदार. सूर्यासारख्या बाल-ताऱ्याचे दर्शन २०१४ मध्ये घडले. चिलीच्या वाळवंटातील ‘अल्मा’ दुर्बिणींनी एचएल टॉरी या ताऱ्याभोवतीची तबकडी टिपली, ग्रामोफोनच्या रेकॉर्डसारखी रेषारेषांची. त्या काळ्या रेषा बहुधा जन्मणाऱ्या ग्रहांनी झाडून काढलेल्या वाटा असाव्यात.

धुळीचा दगड कसा होतो? दिवाळीच्या साफसफाईत ट्रंकेखालून धुळीचे गोळे निघतात ना, आरंभ तसाच. कण कणाला चिकटतो. खडे झाले की मात्र चिकटण्याऐवजी ते एकमेकांवर आपटून उडतात, आणि हातभर धोंडा तर वायूच्या अडथळ्याने ताऱ्याकडे घसरत जातो. आता असे मानतात की खड्यांचे थवे जमतात आणि आपल्याच भाराने कोसळून डोंगराएवढे होतात. पुढे आपटाआपटी आणि जोडाजोडी. याचे गणित मॉस्कोच्या साफ्रोनोव्ह यांनी १९६९ मध्ये ग्रंथात मांडले. सूर्याजवळच्या उष्णतेत बर्फ टिकत नाही, खडक आणि लोखंड टिकते. म्हणून आपण दगडी अंगणात राहतो. उल्कापाषाणांतील सर्वांत जुने कण सुमारे ४५६ कोटी ७० लाख वर्षांचे आहेत. पृथ्वी पुरी व्हायला त्यानंतरही काही कोटी वर्षे लागली.

दिवाळीत रात्री नऊनंतर पूर्वेला तांबूस रोहिणी दिसते. तिच्या अगदी शेजारी, साध्या डोळ्यांना न दिसणारा तो एचएल टॉरी आहे, सुमारे ४५० प्रकाशवर्षे दूर. आज येथे पोचणारा त्याचा प्रकाश शिवजन्माच्याही आधी निघालेला आहे.