कोलवृक्ष आणि चालमोगरा

१९२० साली जोसेफ रॉक हा वनस्पतिशास्त्रज्ञ अमेरिकेच्या कृषी खात्याच्या वतीने आग्नेय आशियात निघाला. व्हिएन्ना येथे १८८४ साली जन्मलेल्या रॉकने तत्पूर्वी हवाई येथील महाविद्यालयात अध्यापन केले होते. त्याला चालमोगऱ्याचे ताजे, रुजणारे बी हवे होते. या बियांचे तेल भारतात व ब्रह्मदेशात कुष्ठरोगावर पूर्वापार वापरले जाई. आपल्या सह्याद्रीतील कडू कवठ हा याच वर्गातील वृक्ष. आयुर्वेद त्याला तुवरक म्हणतो. परंतु बाजारातील चालमोगऱ्याचे बी नेमके कोणत्या वृक्षाचे, याविषयी युरोपीय विद्वानांचा दीर्घकाळ गैरसमज होता. सयाममार्गे उत्तर ब्रह्मदेशातील चिंदविन नदीच्या प्रदेशात पोहोचल्यावर रॉकला तो वृक्ष अरण्यात आढळला. त्याने पाठविलेल्या बियांपासून हवाईत लागवड झाली. या शोधाचा वृत्तान्त १९२२ साली प्रसिद्ध झाला.

या वृक्षासंबंधी ब्रह्मदेशात एक आख्यायिका सांगितली जाते. तिचे मूळ पालि अट्ठकथांत आहे. दीघनिकायातील अम्बट्ठसुत्तावरील अट्ठकथेनुसार, ओक्काक राजाची निर्वासित कन्या पिया हिला कुष्ठरोग झाला. तिच्या भावांनी क्रीडेच्या मिषाने तिला अरण्यात नेले, भूमीतील खड्ड्यात अन्नासह ठेवले आणि वरून झाकून ते निघून गेले. वाराणसीचा राजा राम हाही कुष्ठरोगी. अंतःपुरातील स्त्रियाही त्याची किळस करू लागल्या, तेव्हा पुत्राला राज्य देऊन तो वनात आला. मुळे, पाने, फळे खाऊन तो बरा झाला आणि एका वृक्षाच्या ढोलीत राहू लागला. वाघाच्या भयाने पियाने फोडलेली किंकाळी ऐकून त्याने तिला बाहेर काढले व त्याच औषधाने बरे केले. त्यांचे वंशज ते कोलिय.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. अट्ठकथेत कोलवृक्ष हे निवासस्थान आहे. औषधी वनस्पतीचे नाव तेथे नाही. कोल म्हणजे सामान्यतः बोर. चालमोगऱ्याशी त्याचा संबंध उत्तरकालीन परंपरेने जोडला. परंतु कथेचे महत्त्व वनस्पतीच्या ओळखीवर अवलंबून नाही.

रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय भांडले, तेव्हा शाक्यांनी कोलियांना कुष्ठरोग्यांची, झाडात राहणाऱ्यांची संतती म्हणून हिणविले, असे जातक-अट्ठकथा सांगते. रोग बरा झाला, पिढ्या उलटल्या. कलंक मात्र वंशाला चिकटून राहिला. जन्माला चिकटविलेला असा कलंक आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात याच रोहिणीच्या तंट्याला सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण मानले, हे येथे स्मरणीय आहे.

औषधाच्या आधुनिक इतिहासातही एक व्यक्ती अशीच झाकली गेली. चालमोगऱ्याचे तेल पोटात घेतल्यास मळमळे आणि टोचल्यास वेदना होत. हवाई येथील कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ ॲलिस बॉल हिने त्यापासून सुईने देता येईल असे द्रव्य सिद्ध केले. १९१६ साली, वयाच्या २४व्या वर्षी तिचा मृत्यू झाला. तिच्या संस्थेच्या प्रमुखाने हे काम तिचे नाव न घेता प्रसिद्ध केले. १९२२ साली एका वैद्याने तिला श्रेय दिले, तरी हवाई विद्यापीठाने तिचा गौरव केला तो २००० साली. १९४०च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत तिची पद्धत वापरात होती.

उदानातील सुप्पबुद्ध हा दरिद्री कुष्ठरोगी अन्नाच्या आशेने राजगृहातील एका सभेपाशी आला. सभेत धम्म जाणण्यास समर्थ कोण, हे पाहताना तथागतांची दृष्टी त्याच्यावर स्थिरावली. त्यांनी त्याला उद्देशून उपदेश केला आणि त्याला धम्मचक्षू प्राप्त झाले. त्याच सुत्ताच्या उत्तरार्धात त्याच्या रोगाचे कारण पूर्वजन्मीचे कर्म सांगितले आहे, हे लपविण्याचे कारण नाही. बाबासाहेबांनी पूर्वकर्माच्या सिद्धान्तावर आक्षेप घेतला तो याचसाठी, की त्यामुळे समाज आपल्या जबाबदारीतून सुटतो. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या व्यक्तिगत कायद्यांतून वगळले गेले तेही २०१९ साली. पियाला खड्ड्यात ठेवले ते रोगाने नव्हे, तिच्या भावांनी. म्हणून औषध सापडले, एवढ्याने ती बाहेर येत नाही. वरचे झाकण काढण्याचे काम माणसांचेच आहे.