महाराष्ट्रातील एकपक्षीय वर्चस्वाचा ऱ्हास आणि संमिश्र शासन : कोथरूडच्या संदर्भात

महाराष्ट्रातील काँग्रेसचे वर्चस्व विरोधी पक्षांनी मोडून काढले, अशी एक समजूत आढळते. घटनाक्रम तपासता ती अपुरी ठरते. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर धक्का दिला. परंतु समितीची एकजूट एकाच मागणीवर उभी होती. १ मे १९६० रोजी ती मागणी सफल होताच समितीचे मुख्य प्रयोजन सरले. १९६२ मध्ये काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. १९६७ मध्ये उत्तरेकडील अनेक राज्यांत संमिश्र मंत्रिमंडळे अधिकारावर आली; महाराष्ट्रात मात्र काँग्रेसचे बहुमत अबाधित राहिले. जिल्हा परिषदा व सहकारी संस्था यांतून निर्माण होणारे नेतृत्व पक्षात सामावले जात होते; सत्तास्पर्धाही बव्हंशी पक्षांतर्गतच होती.

हे वर्चस्व ढासळले ते आतून. १९७८ च्या निवडणुकीत २८८ पैकी जनता पक्षास ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ व इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. एकाच पक्षाच्या या दोन शकलांनी वसंतदादा पाटील यांच्या नेतृत्वाखाली संमिश्र मंत्रिमंडळ बनविले. जुलैमध्ये शरद पवार बाहेर पडले आणि जनता पक्षासह पुरोगामी लोकशाही दलाचे शासन आले. फेब्रुवारी १९८० मध्ये ते बरखास्त झाले. १९८० व १९८५ मध्ये काँग्रेसने बहुमत परत मिळविले; परंतु १९९० मध्ये ती १४१ वर अडली. तेव्हापासून २०२४ पर्यंतच्या कोणत्याही विधानसभा निवडणुकीत एकाही पक्षास स्वबळावर बहुमत लाभलेले नाही.

या नव्या कालखंडाचे स्वरूप पुण्यातील कोथरूड मतदारसंघात स्पष्ट दिसते. २००८ च्या पुनर्रचनेत निर्माण झालेल्या या मतदारसंघाने एकपक्षीय वर्चस्वाचा काळ पाहिलेलाच नाही. २००९ मध्ये युतीच्या वाटपात ही जागा शिवसेनेकडे होती व चंद्रकांत मोकाटे विजयी झाले. २०१४ मध्ये युती तुटली आणि भारतीय जनता पक्षाच्या मेधा कुलकर्णी यांनी त्यांनाच पराभूत केले. २०१९ मध्ये युती पुन्हा जुळली, तेव्हा जागा भाजपकडेच राहिली. उमेदवारी मात्र विद्यमान सदस्येऐवजी प्रदेशाध्यक्ष चंद्रकांत पाटील यांना मिळाली. २०२२ मध्ये शिवसेना दुभंगली, आणि २०२४ मध्ये पाटील यांनी ठाकरे गटाच्या मोकाटे यांचा पराभव केला.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पक्षांतर्गत तडजोडीची जागा पक्षापक्षांतील वाटाघाटींनी घेतली. तथापि उमेदवार निवडण्याचा निर्णय मतदारापासून पूर्वीइतकाच दूर राहिला. दुसरे असे की, काँग्रेसला भोवलेली अंतर्गत फूट तिच्या वारसदार आघाड्यांनाही चुकलेली नाही. संमिश्र शासनाचे मूल्यमापन करताना मंत्रिमंडळांच्या आयुर्मानापेक्षा या दोन बाबींचा विचार अधिक अगत्याचा होय.